तंजावूरचा गाइड: दुकान वगळलं तर पैसे वसूल

तलाठी म्हणून नोकरीला लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे राजवाडा दिसला की मला आधी हा प्रश्न पडतो, की हा कब्जात आला कसा? जानेवारीत सौ.ला घेऊन तंजावूरला गेलो, तेव्हा लॉजवाल्याच्या ओळखीने अर्ध्या दिवसाचा गाइड ठरवला. 1,800 रुपये, रिक्षा वेगळी. त्याचं हिंदी मोडकंतोडकं, पण माणूस वाचलेला.

आपण जातो भोसल्यांचा वाडा बघायला. त्याने पहिल्याच चौकात सांगून टाकलं, वाडा मूळ नायकांचा, म्हणजे भोसल्यांआधीच्या राजांचा. आदिलशहाने व्यंकोजीराजांना धाडलं होतं ते मदुरेकरांच्या तावडीतून तंजावूर सोडवून नायकांच्या वारसाला द्यायला. त्यांनी सोडवलं, आणि 1676च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. 1677मध्ये थोरले सावत्र बंधू, म्हणजे शिवाजी महाराज, दक्षिणेत आले आणि वडिलांच्या दौलतीत अर्धा वाटा मागितला. व्यंकोजीराजे रातोरात कोल्लिडम नदी ओलांडून निघून गेले. भाऊहिश्श्याचे तंटे मी नोकरीभर ऐकले, पण असला नाही!

मग परक्या मुलखात हे घराणं टिकलं कसं? गाइडने हे छान उलगडलं. वाडा पाडला नाही, त्यातच राहिले. नायकांच्या दरबारात तेलुगू चालायची, ती चालू ठेवली. व्यंकोजींचा मुलगा शहाजी तर स्वतः तेलुगूत नाटकं लिहायचा, एका नाटकात त्याने पाच भाषा घातल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर कब्जेदार बदलला, बाकी उतारा तसाच. सांबाराला संभाजीराजांचं नाव मिळालं, ही गोष्टही झालीच. कागद दाखवा म्हटलं तर नुसता हसला.

सरस्वती महाल ग्रंथालयातलं संग्रहालय लहान आहे, अर्ध्या तासात होतं. कलादालनातले चोळांचे कांस्यपुतळे मात्र घाईने बघू नका. सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळाही तिथेच आहे, फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला.

आता तक्रार. त्यानंतर त्याने आम्हाला बाहुल्या आणि चित्रांच्या एका दुकानात पाऊण तास बसवलं. कमिशन असणार. सौ.ने मान हलवणारी बाहुली घेतली, तेवढीच जमेची बाजू. त्या पाऊण तासामुळे मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या, पोचायला अकरा वाजले, दगड तापला होता आणि चपला बाहेर.

पण तिथली भिंत पाहिली आणि राग गेला. 1010मध्ये राजराज चोळाने पुरं केलेलं देऊळ, आणि त्याच्या प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर देवनागरीत मराठी! भोसल्यांची अख्खी वंशावळ, 1803 सालची, सरफोजींनी कोरून घेतलेली. मी बोट न लावता ओळी जुळवत राहिलो, गाइड घड्याळ बघत राहिला.

साल लक्षात घ्या. सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक. 1787मध्ये तुळजाराजे वारले, तेव्हा दत्तकावर हरकत निघून गादी त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. 1798मध्ये इंग्रजांनी सरफोजींना बसवलं आणि 1799च्या तहात राज्यच काढून घेतलं. हाती उरला किल्ला आणि वसुलाचा पाचवा हिस्सा, शिवाय सालिना 1 लाख होन. चारच वर्षांनी ही वंशावळ. जमीन गेलेला माणूस कचेरीत वारसनोंदीचे जुने कागद छातीशी धरून यायचा, तो चेहरा मला त्या भिंतीत दिसला. गाइड 1799चा तह एका वाक्यात उरकून पुढे निघाला होता, मीच थांबवला.

1855मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे मुलगा नसताना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं. तरी राजवाडा देवस्थानच्या 88 देवळांचं वंशपरंपरागत विश्वस्तपद अजून भोसल्यांकडेच आहे, त्यात हे देऊळही आलं.

पाचपैकी साडेतीन. गाइड घ्याच, पण दुकान नको हे पैसे ठरवतानाच बजावा, देऊळ सकाळी सातला आधी करा आणि पायमोजे विसरू नका.