हातखंब्याजवळची चेसिस तपासणी : 2008 च्या जीपचा अनुभव

आमच्या जीपची पहिली सहा वर्षे आधीच्या मालकाकडे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहण्यात गेली होती आणि बर्फ वितळून टपकणारे खारट पाणी त्या काळात सतत तिच्या चेसिसवर, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, झिरपत राहिले होते. गाडी घेताना मला हे ठाऊक होते, पण त्याचा अर्थ यंदाच्या मे महिन्यात उमगला.

वरून गाडी उत्तम दिसत होती. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर 2023 मध्ये नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले. त्याआधी एका गॅरेजने खालून काळे डांबरी कोटिंग मारून दिले होते आणि तो तुळतुळीत थर पाहून मी निर्धास्त होतो. हातखंब्याच्या अलीकडे असलेल्या, नावाचा फलकही नसलेल्या एका वर्कशॉपमध्ये मी गेलो ते मागून येणाऱ्या कुरकुर आवाजासाठी. मेस्त्रींनी पाट्यांना (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांना) हात लावण्याआधी लहान हातोडी घेतली आणि चेसिसचे दोन्ही लांब दांडे पुढून मागे ठोकत नेले. सगळीकडे खणखणीत वाजणारे लोखंड मागच्या आसावरच्या (ॲक्सलवरच्या) वळणापाशी एकदम बद्द वाजले.

हा भाग बंद पेटीसारखा असतो. त्यात शिरलेला चिखल पाणी निघून जाण्याची भोके बुजवतो, पाणी आत साचते आणि गंज आतून बाहेर येत राहतो, त्यामुळे बाहेरचा पत्रा शेवटपर्यंत शाबूत दिसू शकतो. वर्कशॉपमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीचा कॅमेरा भोकातून आत सोडतात. पडद्यावर मला पापुद्र्यांचे थरच्या थर दिसले. मग मेस्त्रींनी कोटिंग खरवडून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ आत गेला. पाट्यांचे मागचे टोक धरून ठेवणारा हँगर याच पत्र्यावर जोडलेला होता. आंबा घाटात भरल्या गाडीने ब्रेक दाबताना तो उपटला असता, तर मागचा आस जागेवरून सरकला असता. त्याच गाडीतून माझी मुले गेली दोन वर्षे प्रवास करीत होती. गंजलेल्या लोखंडावर डांबर फासणे हा मला आता निव्वळ निष्काळजीपणा वाटतो, कारण थराला चीर पडली की ओल त्याच्याच आड अडकून राहते.

हे केवळ किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांचे दुखणे नाही. अमेरिकेत टोयोटाच्या टाकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या चेसिसवरील गंजाबद्दल दाखल झालेल्या दाव्यात 2016 मध्ये तडजोड झाली. ती सुमारे 15 लाख वाहनांना लागू होती आणि त्यात तपासणी करून गरजेप्रमाणे चेसिस बदलून देण्याची तरतूद होती.

दुरुस्तीच्या कामाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. वरून ठिगळ न लावता त्यांनी निरोगी लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापला, तेवढ्याच जाडीची प्लेट वेल्ड केली, इंधनाची टाकी आधी उतरवून ठेवली, बुजलेली भोके मोकळी केली आणि आतल्या पोकळीत मेणासारखे गंजरोधक फवारले. चेसिसलगत जाणारी ब्रेकची नळीही गंजलेली निघाली; ती मला दाखवून, विचारून बदलली. तपासणीचे 1,200 आणि दुरुस्तीचे 27,500 रुपये झाले.

उणिवा दोन आहेत. कुठे किती जाडीचे लोखंड उरले आहे, याची लेखी नोंद ते देत नाहीत आणि छायाचित्रेही मागितल्यावरच मिळतात. एवढ्या गंभीर कामात हे गाडीसोबत कागदावर यायला हवे. शिवाय पावसाळ्यापूर्वी तीन आठवडे थांबावे लागले. पुढची तपासणी त्यांनी नोव्हेंबरमध्ये ठेवली आहे, कारण डाव्या दांड्याच्या पुढच्या भागातही कॅमेऱ्यात वरवरचा गंज दिसला होता आणि तो पावसाळ्यात कितपत वाढतो, हे त्यांना पाहायचे आहे.