भिवंडी–रत्नागिरी रात्रफेरी: कंत्राटदाराकडील चालकाच्या नोकरीचे परीक्षण

पार्सल पोहोचवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांवर नाव कंपनीचे असले, तरी स्टिअरिंगवरचा माणूस बहुधा कंपनीने नेमलेल्या कंत्राटदाराचा असतो. रत्नागिरीतील अशाच एका कंत्राटदाराकडे मी भिवंडीच्या गोदामातून रात्री माल आणणारी बंद बॉडीची आयशर चालवतो. आमच्या भागातील तरुण या कामाची वारंवार चौकशी करतात, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

पगाराबाबत तक्रार नाही. तो वेळेवर बँकेत जमा होतो आणि भविष्य निर्वाह निधीही कापून भरला जातो. गाडीची निगा तर मनापासून कौतुक करावे अशी आहे. मृगापूर्वी ब्रेक लायनर, वायपर आणि टायर न मागता तपासले जातात, आणि परशुराम घाट भरल्या गाडीने पावसात उतरणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. गाडी केव्हा पोहोचावी हे कंपनी ठरवते, पगार कंत्राटदार देतो आणि उशिराचा भार मात्र चालकावर येतो. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. एवढ्या वर्षांत या रस्त्याने काय काय पाहिले ते कोकणी माणसाला ठाऊक आहे. कशेडीच्या बोगद्याने मोठा दिलासा दिला हे खरे, परंतु वळवलेले रस्ते, खड्डे आणि पावसाळ्यातील दरडी वेळापत्रकात कुठेच धरलेल्या नसतात. गेल्या पावसाळ्यात दरड आल्यामुळे खेडच्या अलीकडे रात्रभर गाड्या थांबवल्या होत्या. कंपनीने उशिराबद्दल कंत्राटदाराचे बिल कापले आणि त्याने ती रक्कम माझ्या भत्त्यातून वळती केली. थांबलेल्या रांगेचे फोटो दाखवल्यावर त्यातील निम्मी परत मिळाली. ही कपात मुळातच अन्यायाची होती असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ मध्येच सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, तसेच सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. घाटात अडकून पडलेला वेळ विश्रांतीत मोजला, तर त्या तरतुदीला अर्थ उरत नाही.

दुसरी बाब मालाच्या मोजणीची. गोदामात चालकाला नग मोजू देत नाहीत, पण शॉर्टेज निघाले की पहिली विचारणा त्यालाच होते. म्हणून मागच्या दाराला लागणाऱ्या प्लास्टिकच्या सीलचा क्रमांक ट्रिप शीटवरील क्रमांकाशी स्वतः पडताळावा आणि दोन्हींचा एकत्र फोटो घ्यावा. रत्नागिरीत तेच सील शाबूत निघाले, तर आतील तुटीशी चालकाचा संबंध राहत नाही. पावसाळ्यात दाराच्या रबरी पट्टीवरून हातही फिरवून पाहावा. पट्टी खालच्या कोपऱ्यात फाटलेली असली, तर वडखळ येईपर्यंत तळाचे खोके ओले झालेले असतात आणि नुकसानीचा कागद आपल्या नावाने तयार होतो.

गणेशोत्सवात महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे मोठ्या गाड्यांचा माल लहान गाड्यांत भरला जातो आणि आमच्या फेऱ्या वाढतात. मुंबईचा चाकरमानी गावी पोहोचतो त्या दिवसांत कोकणातला चालक रस्त्यावर असतो. या दिवसांचा जादा भत्ता आमच्याकडे मिळतो, सुट्टी मात्र मिळत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण मी देईन, आणि उशिराची कपात बंद झाली तर चार. रुजू होण्यापूर्वी ही कपात, घाटातील थांब्याचा भत्ता आणि अपघातातील दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, हे लेखी मागावे. तोंडी आश्वासन हिशेबाच्या दिवशी उपयोगी पडत नाही. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, असे कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात म्हटले होते, त्यामुळे आपण कोणत्या कंपनीचा माल वाहतो याचा कागदही जवळ ठेवावा. परवान्याचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, परंतु अनेक आयशर गाड्यांचे एकूण वजन त्याहून अधिक असते. अपघातानंतर विमा कंपनी परवाना तपासतेच, तेव्हा किल्ली हातात घेण्याआधी गाडीचे आरसी बुक स्वतः वाचावे.