बागेला स्प्रिंकलर बसवून घेताय? आधी शेवटचा नोझल बघा

सांगलीत विश्रामबाग परिसरात दुचाकीला काळ्या नळीची बंडलं लटकावून एकजण फिरतो. नवी बाग दिसली की थांबतो. आमच्याकडेही थांबला. “काकी, मोटर नको, काही नको. टाकीच्या पाण्यावर सगळे वाफे भिजतील. कंपनीचं मटेरियल, पाच वर्षं गॅरंटी.” मायक्रो स्प्रिंकलर, नळी, फिल्टर, मजुरी असे साडेअकरा हजार ठरले. वर ‘सबसिडीची फाइल’ म्हणून हजार रुपये वेगळे.

ट्रायल मात्र झकास दाखवली. कोथिंबिरीच्या पहिल्या वाफ्यावर छत्रीसारखा फवारा उडाला. बाकीचे वाफे कोरडेच होते. विचारलं, तर म्हणाला, “पुढच्या जोडाचं सोल्युशन वाळू दे काकी, उद्या सकाळी कॉक उघडा.” पैसे घेऊन गेला. सकाळी पाहिलं तर जोडाचा काही संबंधच नव्हता. पहिल्या वाफ्यापुढे नळीची घडी घालून वर तार आवळलेली होती. तार सोडली, तेव्हा कुठे पाणी पुढे गेलं, आणि कुठल्याच नोझलची छत्री उघडेना. शेवटच्या वाफ्यावर तर नुसती ठिबक ठिबक.

यात गूढ काही नाही. पाण्याची पातळी नोझलपेक्षा 10 मीटर उंच असेल तेव्हा जेमतेम 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो. आमची टाकी एकमजली घराच्या गच्चीवर, म्हणजे निम्माच. मायक्रो स्प्रिंकलरला साधारण 1 ते 2 किलो लागतो. त्यात त्याने 24 नोझल एकाच 16 एमएमच्या नळीवर ओवले होते. ताशी 40 लिटरचा एक धरला तरी सगळे मिळून ताशी 960 लिटर होतात. एवढं पाणी ती नळी शेवटपर्यंत दाबाने नेणार कशी? चार-चार वाफ्यांना वेगळा कॉक देऊन पाळीपाळीने सोडायला हवं होतं. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही, कारण फोन केल्याबरोबर बूस्टर पंपाचा भाव तयार होता. टाकीवर चालेल म्हणणाराच पंप विकायला लागला!

फिल्टर उघडला तो आणखी संतापाने. बाहेरून निळी टोपी, आत जाळीच नाही. पोकळ डबा. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार भरपूर, बादलीला पांढरा थर बसतो. उन्हाळा सरायच्या आत निम्मे नोझल चोक झाले. नळीवर कंपनीचं नाव नाही, आयएसआयचा शिक्का नाही, वाकवली की पांढरी रेघ उमटे. मे महिन्यात ग्रोमेटपाशीच, म्हणजे नळीच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्यापाशी, तडे गेले. चांगल्या लॅटरलवर, म्हणजे वाफ्यांतून फिरणाऱ्या अशा नळीवर, आयएस 12786 छापलेलं असतं, ते बंडल सोडायच्या आधीच वाचा.

सबसिडीचं तर विचारूच नका. कृषी कार्यालयात गेले तर पहिला प्रश्न सातबारा आणि आठ-अ. ठिबक-तुषारचं अनुदान शेतजमिनीसाठी असतं, बंगल्याच्या अंगणासाठी नाही. हजार रुपये गेले ते गेलेच.

आता दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतलंय. 120 मेशचा (इंचाला 120 छिद्रांचा) जाळी फिल्टर बसवला, तो आठवड्याला धुते. नळीच्या टोकाची एंड कॅप काढून नळ्या वाहू देते. चोक झालेले नोझल रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या दातांच्या ब्रशने घासते. सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. गुलाबांवरचा फवारा मात्र काढूनच टाकला. पानं भिजत राहिली की काळे ठिपके येतात, त्यांना ठिबकच बरी. फवारा मेथी, कोथिंबीर, रोपांचे वाफे यांना. तोही आपल्या काळ्या मातीत थोडा थोडा वेळ सोडावा, नाहीतर पाणी मुरायच्या आधी तळं होतं.

ट्रायल घ्याल तर सगळे नोझल एकदम चालू करायला सांगा, आपल्याच टाकीवर, आणि शेवटच्या वाफ्यापाशी उभं राहा. फिल्टर समोर उघडायला लावा. पक्कं जीएसटी बिल मागा. माझ्याकडे वहीच्या कागदावरची चिठ्ठी आहे, तीवर ना दुकानाचं नाव, ना पत्ता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. माझ्याकडे ती चिठ्ठी आणि यूपीआयने पैसे दिल्याची नोंद एवढंच आहे, तेवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देतेय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. हल्ली तो मिरजेकडच्या नव्या सोसायट्यांत दिसतो म्हणे, नळीची बंडलं तशीच.