मुलाचं दुखणं महिनोन् महिने थांबत नाही: औषध, फिजिओथेरपी की सीबीटी?

डोकं, पोट, पाय. 3 महिन्यांहून जास्त काळ दुखतंय आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल. अशा वेळी आईवडिलांपुढे तीन वाटा असतात: औषध, फिजिओथेरपी आणि सीबीटी, म्हणजे दुखण्याबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार. पण सांधा सुजला असेल, सकाळी उठल्यावर अंग आखडत असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा डोकेदुखीसोबत पहाटे उलट्या होत असतील, तर ही तुलना बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांना गाठा. मुलांच्या संधिवातात वेळेवर औषध लागतंच.

गोळी देणं सगळ्यांत सोपं, म्हणून तिच्यावर भिस्तही जास्त. प्रत्यक्षात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, 8 ते 17 वर्षांच्या मायग्रेनच्या रुग्णांमध्ये अमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. शिवाय साधी वेदनाशामकंही महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस घेत राहिलं, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

फिजिओथेरपीला चिकाटी लागते आणि सुरुवातीला दुखणं वाढल्यासारखं वाटतं. इथेच बरेच जण माघार घेतात. सीआरपीएसमध्ये, म्हणजे पायासारख्या एखाद्या अवयवात तीव्र वेदना टिकून राहते अशा आजारात, मोज्याचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. तिथे आधी कापूस, मग मऊ कापड, मग खरखरीत टॉवेल, असं रोज थोडं थोडं फिरवत त्वचेला स्पर्शाची सवय लावतात, आणि त्याच पायावर भार देऊन चालायला लावतात. पाय जपून नुसता उचलून ठेवला तर तो आणखी कमजोर होतो.

सीबीटीचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे ते नाटक करतंय का?" अजिबात नाही. दुखणं खरंच असतं. मज्जासंस्था जास्त संवेदनशील झालेली असते. पोटदुखी आणि डोकेदुखीत या उपचाराचा उपयोग चांगला दिसतो. यात पालकांनाही बदलावं लागतं: रोज सकाळी "आज किती दुखतंय?" असं विचारणं सोडून "आज काय करायचं ठरवलंयस?" असं विचारायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तिन्ही उपचारांना जागा आहे. मला विचाराल तर फिजिओथेरपी आणि सीबीटी एकत्र सुरू करा. औषध त्यांच्या जोडीला, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत शाळा बंद ठेवू नका. थेरपिस्ट निवडताना त्यांचं पहिलं ध्येय काय, ते विचारा. "दुखणं शून्यावर आणू" म्हणणाऱ्यापेक्षा "आधी रोज दोन तास शाळेत बसू दे" म्हणणाऱ्याकडे जा.