खंगणारी मेंढी: रक्त तपासायचं, लेंडी की आतडं?

चारा खाते, तरी पाठीचा कणा वर येत जातो, लोकर हाताला सुटून येते. गोव्यातल्या सत्तरी-सांगेच्या पावसात असं दिसलं की संशय जंतांवर जातो, आणि तो रास्तच. पण जंताचं औषध देऊनही दोन वर्षांवरची मेंढी भरत नसेल तर जोन्स रोग, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा आतड्याचा जुनाट रोग, पाहायला हवा. गाईगुरांसारखी हगवण मेंढीला बहुधा लागत नाही; लेंडी बरी पडते आणि मालक गाफील राहतो.

रक्ताची एलायझा चाचणी सोयीची, सगळा कळप एकदम तपासून होतो. मात्र ती जंतू नव्हे, तर त्यांच्याविरुद्ध शरीर बनवतं ती प्रतिपिंडं शोधते, आणि मेख तिथेच आहे. या रोगात आतड्यातले बदल मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं अस्तर भक्षक पेशींनी भरून जातं. झील-नील्सन रंग दिला की त्या पेशींत लाल जंतूंचे पुंजके दिसतात. अशी मेंढी रक्तातही सापडते, लेंडीतही. दुसरीत लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची दाटी असते, जंतू मात्र विरळ, कधी शोधूनही न सापडणारे. तिचं रक्त आणि लेंडी दोन्ही निर्दोष येऊ शकतात, आणि ती खंगतच राहते.

लेंडीचं पीसीआर, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी, जंतू बाहेर टाकणारी जनावरं पकडतं. जंतू वाढवून बघायचे तर महिने जातात.

म्हणून एकाहून जास्त मेंढ्या खंगत असतील तर माझा कौल आतड्याला. सगळ्यात खराब झालेली एक मेंढी पशुवैद्याकडून कापून घ्या. खाटकाच्या नजरेवर विसंबू नका. गाईच्या आतड्याला पडतात तशा ठळक वळ्या मेंढीत पुष्कळदा नसतातच. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो सांधा, त्याच्या अलीकडचा तुकडा आणि लगतच्या लसिकाग्रंथी दहा टक्के फॉर्मालिनमध्ये लगेच घालायला हव्यात. आपल्या उकाड्यात अस्तर काही तासांतच कुजतं, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. पीसीआरसाठी वेगळा तुकडा बर्फात.

रोग ठरला की उरलेल्या कळपाचं रक्त, तेही कोणती मेंढी आधी काढायची एवढ्यापुरतं, कारण बरं करणारं औषध नाही. घाटावरून नवी मेंढरं घेताना एका निर्दोष अहवालावर भागवू नका. विकणाऱ्याच्या कळपात मोठ्या मेंढ्या खंगून मेल्या का, ते विचारा. लस टोचायची असेल तर रक्त आधी घ्या. लशीनंतरही एलायझा पॉझिटिव्ह येते, आणि मग खरी रोगी कोणती ते ओळखता येत नाही.