म्हापशात गाडीला बसवून घेतलेला इन्व्हर्टर

गाडीसाठी इन्व्हर्टर घेताना आपण खोक्यावरचे वॅट पाहतो. प्रत्यक्षात तो कसा चालेल हे बहुतांशी बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. जत्रेच्या दिवसांत आमच्या भजनी मंडळाला विजेची सोय नसलेल्या जागीही कीबोर्ड आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर चालवावा लागतो. त्यासाठी ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा इन्व्हर्टर आणून तो म्हापशातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. मॉडिफाइड साइन वेव्हचा, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची ओबडधोबड लहर देणारा इन्व्हर्टर स्वस्त पडतो आणि मोबाइलच्या चार्जरला पुरतो. पण अ‍ॅम्प्लिफायरला त्यावर गुणगुण सुटण्याचा धोका असतो, आणि ती गुणगुण कोणत्याच पट्टीत बसत नाही.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर काम भागेल का, असे मी आधी विचारले होते. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२ व्होल्टला १२० ते १८० वॅटच्या पुढे जाता येत नाही. ३०० वॅटला मात्र बॅटरीतून २५ अँपिअर, आणि रूपांतरात होणारी घट धरली तर २८ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. म्हणून त्यांनी थेट बॅटरीपासून १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ओढली. बॉनेटपासून सीटपर्यंत जाऊन-येऊन सुमारे चार मीटर लांबी होते; तेवढ्या अंतरात २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाऊण व्होल्ट सहज गळतो आणि बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर वेळेआधी कुरकुर करू लागतो. जाड केबलीत ही घट पाव व्होल्टाच्या आत राहते.

कामातली सफाई वाखाणण्यासारखी होती. ४० अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर बसवला, कारण हा फ्यूज मुख्यतः केबलीच्या रक्षणासाठी असतो आणि तो इन्व्हर्टरजवळ लावला तर मधल्या केबलीला कोणी वाली उरत नाही. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून केबल नेताना रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या धारेने केबल कापू नये म्हणून भोकात बसवायची कडी) घातला, केबलच्या टोकाचे थिंबल (धातूची जोडटोपी) हत्याराने नीट दाबले आणि खारी हवा लक्षात घेऊन टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावली. गाडीच्या मूळ वायरिंगला कुठेही छेद दिला नाही, त्यामुळे वॉरंटीचा वाद उद्भवण्याची शक्यताही कमी झाली.

तक्रार एकच, पण ती किरकोळ नाही. इन्व्हर्टर पुढच्या सीटखाली अशा रीतीने अडकवला होता की त्याचा पंखा गालिच्याला टेकत होता. हवा खेळली नाही तर तो तापून बंद पडतो आणि पावसाळ्यात ओल्या चपलांचे पाणीही तिथेच साचते. सांगितल्यावर त्यांनी विनातक्रार तो डिकीच्या बाजूला हलवला. मात्र केबल वाढल्याने तिचे पैसे वेगळे घेतले.

इंजिन बंद ठेवून तो किती वेळ चालवावा, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगितले नाही. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर २०० वॅटचा भार टाकला तर १८-१९ अँपिअर प्रवाह जातो. इन्व्हर्टरची सूचना साधारण साडेदहा व्होल्टला वाजते, आणि तोवर स्टार्टर फिरवण्याइतका जोर बॅटरीत उरेलच असे नाही. त्यामुळे अर्ध्या तासानंतर आम्ही इंजिन सुरू करतो, तेही गाडी उघड्यावर असेल तरच. बिलावर केबलची जाडी आणि फ्यूजचे अँपिअर मी लिहून घेतले. तसे न मागता ते देत नाहीत.