पापण्या खरंच वाढल्या, आणि खरी फसवणूक तीच होती

एकूण ११,५७९ रुपये गेले. त्यातले ३,२९० बँकेने पुष्कळ कटकट करून परत दिले. डोळ्यांच्या डॉक्टरांची फी आणि औषधाचे थेंब मिळून १,२६० वर पडले. म्हणजे ९,५४९ चा खड्डा, आणि तोही कशासाठी, तर पापण्या वाढवणाऱ्या सीरमसाठी, म्हणजे पापणीच्या केसांसाठी! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

‘फुकट वापरून बघा, फक्त पाठवणावळ भरा’ हा प्रकार कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. पाठवणावळ १४९. खाली फिकट करड्या रंगात बारीक अक्षरं, आधीच खूण केलेला एक चौकोन, आणि चौदा दिवसांत रद्द केलं नाही तर दरमहा पैसे कापले जाणार. खरी मेख अशी की ते चौदा दिवस ऑर्डर दिल्यापासून मोजतात, बाटली हातात पडल्यापासून नाही. बाटली आली तेव्हा मुदत जवळजवळ संपलेली होती. मग ३,२९० कापले. रद्द करा म्हणून मेल पाठवला, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा ३,२९०. इथपर्यंतचं कुणाच्याही बाबतीत घडतं. या भागाचा मला राग आहेच, पण तो दुसऱ्या नंबरचा.

पहिली बाटली ३ मि.लि.ची. पाणी, ग्लिसरीन, पँथेनॉल, बायोटिन, एक पेप्टाइड आणि एरंडेल. असल्या मिश्रणाने पापण्या चकाकतात, मऊ लागतात, फार तर तुटायच्या थोड्या कमी होतात. वाढत नाहीत. एरंडेलाने पापण्या वाढतात हे प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, पण त्याला धड पुरावा नाही. जाहिरातीत म्हटलं होतं ‘७ दिवसांत ५ मि.मी.’. आता हिशोब बघा. वरच्या पापणीवर साधारण ९० ते १६० केस असतात, लांबी ८ ते १२ मि.मी., आणि वाढ दिवसाला जेमतेम ०.१२ ते ०.१४ मि.मी. म्हणजे आठवड्याला एक मि.मी.सुद्धा नाही. शिवाय प्रत्येक केस काही आठवडे वाढतो आणि मग महिनोन्‌महिने नुसता थांबून राहतो, गळतो, पुन्हा उगवतो. त्यामुळे ‘थोडा धीर धरा, पापण्यांना वेळ लागतो’ हे त्यांचं वाक्य खरंच असतं. त्याच खऱ्या वाक्याच्या आडून दर महिन्याला कार्डावर हात मारतात. परताव्याची मुदत नेहमी फरक दिसण्याच्या मुदतीपेक्षा छोटी असते, तेवढी आधी ताडून बघा.

आणि ते ‘आधी-नंतर’चे फोटो! ‘नंतर’च्या फोटोत खालच्या पापणीचे केस तीन-तीनच्या झुपक्यांत चिकटलेले दिसले तर तो मस्कारा आहे. सीरमने केस असे चिकटत नाहीत.

मी तक्रार केली. फोनवरची बाई इतकी गोड बोलली की विचारू नका. ‘ताई, तुमच्या पापण्या हट्टी प्रकारच्या आहेत, तुम्हाला प्रो लागेल.’ प्रो ही त्यांची दुसरी बाटली, एरवी ९,७००, माझ्यासाठी निम्म्यात, म्हणजे ४,८५०, आणि तो घेतला की सदस्यत्व त्या क्षणी रद्द. तुम्ही म्हणाल, एकदा पोळलेली बाई पुन्हा हात घालते कशी? दोन महिने अजून कापले असते तर ६,५८० गेले असते. त्यापेक्षा ४,८५० देऊन सुटका. गणित माझ्या बाजूने होतं, आणि रद्द करण्याचा दुसरा रस्ता त्यांनी ठेवलाच नव्हता, रद्द करायचा फोन कायम व्यस्त असे.

आता तो क्षण. तो आठवला की अजून कान तापतात. प्रोच्या खोक्याच्या आतल्या घडीवर सूचना होती: ‘गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी वापरू नये. काचबिंदूचे उपचार चालू असल्यास प्रथम डॉक्टरांना विचारावे.’ मी ती वाचली, अक्षर न् अक्षर वाचली. आणि मला काय वाटलं? वाटलं, बघा, किती जबाबदार लोक आहेत! त्यांच्या पानावर ठळक अक्षरांत होतं ‘१०० टक्के वनस्पतिजन्य, हार्मोनमुक्त’. अहो, कोरफड आणि एरंडेल यांचं काचबिंदूशी काय घेणंदेणं? हा एक प्रश्न डोक्यात आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण असा प्रश्न कोणाला सुचतो? काचबिंदूच्या औषधांनी पापण्या वाढतात हे शाळेत कोणी शिकवतं का?

तर ते तसं आहे. बिमॅटोप्रॉस्ट नावाचे थेंब डोळ्यांतला दाब कमी करायला देतात. ते घेणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब, दाट, काळ्या व्हायला लागल्या. मूळ हेतू काचबिंदूचा आणि हा त्याचा दुष्परिणाम. त्यावरूनच अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये ०.०३ टक्के बिमॅटोप्रॉस्टला खास पापण्यांसाठी मंजुरी मिळाली, लॅटिस या नावाने, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. रात्री एकदा, फक्त वरच्या पापणीच्या कडेला, दर डोळ्याला नवी निर्जंतुक कुंचली. फरक साधारण दोन महिन्यांत दिसायला लागतो, पूर्ण परिणामाला चार महिने. सोडलं की पापण्या हळूहळू पूर्वीसारख्या. हे औषध आहे, उघडपणे औषध म्हणून विकतात, धोके कागदावर लिहून देतात. माझं त्याच्याशी भांडण नाही.

भांडण त्याच्या चुलत भावंडांशी आहे. त्याच जातीची, म्हणजे प्रॉस्टाग्लँडिनसारखी (शरीरात तयार होणाऱ्या, हार्मोनसारख्या द्रव्यासारखी) वागणारी रसायनं सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीत बिनचिठ्ठीची मिळतात.

पापण्या वाढल्या, ही गोष्ट मी लपवत नाही. लोक विचारायला लागले, खोट्या लावल्यास का म्हणून. मी तर दोघींना नावही सुचवलं, त्याची लाज वेगळीच. मग खाज, मग डोळे लाल, मग वरच्या पापणीच्या कातडीवर काजळ फासल्यासारखी तपकिरी पट्टी, जी धुऊन जाईना. डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘डोळ्याला काय लावता?’ खोका मागवला, भिंगाखाली धरला आणि यादीत शेवटून तिसऱ्या नावावर बोट ठेवलं: आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट, त्याच चुलत भावंडांपैकी एक. संकेतस्थळावरच्या यादीत हे नाव नव्हतंच, खोक्यावरच्या यादीत होतं.

पापणीवरचा डाग बहुधा बंद केल्यावर काही महिन्यांत फिकट होतो, माझा होतोय. पण या जातीच्या औषधांनी बुबुळाचा रंग गडद झाला तर तो बहुधा कायमचा. डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल गेलेले दिसू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये हाच घटक वापरणाऱ्या एका उत्पादकाला ताकीद दिली होती. युरोपच्या ग्राहक-सुरक्षा शास्त्रीय समितीने २०२२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांतल्या या घटकांचा आढावा घेतला, आणि ते सुरक्षित आहेत असं तिला म्हणता आलं नाही. आणि माझ्या बाटलीवर हिरवं पान छापलेलं!

म्हणून सांगते, यादीत ‘प्रोस्ट’ (prost) ही अक्षरं शोधा. क्लोप्रोस्टेनेट, क्लोप्रोस्टेनोलामाइड, कितीही लांबलचक नाव असू दे, मध्ये ‘प्रोस्ट’ आलं की बाटली खाली ठेवा.

आता ज्यांचं काम आपलं ऐकायचं, त्यांची कहाणी. बँक म्हणाली, ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलात ना?’ केला, १४९ चा केला! रद्द करण्याचा मेल दुसऱ्या कपातीच्या आधीचा होता एवढ्या एका पुराव्यावर ३,२९० सुटले. (रद्द करायचं ते लेखी करा, फोनवर करू नका.) पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, शेजारच्यालाही बोलावलं आणि म्हणाले, ‘लांब तर दिसतायत की. मग तक्रार काय?’ ग्राहक तक्रारीच्या फोनवर सांगितलं, विक्रेत्याचा नोंदणीकृत पत्ता द्या. पत्ता असता तर मी स्वतःच गेले नसते का? औषधखात्यात म्हणाले, ‘लेबलवर सौंदर्यप्रसाधन लिहिलंय, आमच्याकडे येत नाही.’ सौंदर्यप्रसाधनाच्या खिडकीवर म्हणाले, ‘यात औषधी घटक आहे म्हणता? मग तिकडे.’ एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, दोन मजले! नमुना तपासून तरी घ्या म्हटलं, तर उत्तर आलं की नमुना सीलबंद हवा, उघडलेली बाटली चालत नाही. सीलबंद बाटलीने माझा डोळा लाल झाला असता का हो? विकणारा याच दोन मजल्यांच्या मध्ये दुकान मांडून बसलाय हे त्यांना कळत नाही असं नाही. कळतं. पण कोणाच्या फायलीत बसत नाही. अर्जाची पोच मात्र मिळाली, शिक्का सुबक आहे.

मधल्या काळात संकेतस्थळावरचं ‘हार्मोनमुक्त’ गायब झालं. नशिबाने ऑर्डरच्या दिवशीचं चित्र माझ्या फोनमध्ये होतं. तुम्हीही पैसे भरण्याआधी पूर्ण पान टिपून ठेवा, खालच्या बारीक अक्षरांसकट.

‘पैसे परत नको, ३० टक्के परतावा घ्या आणि बाटली ठेवा’ असा विकणाऱ्याचा मेल येईल. ३,२९० चे ९८७. तो स्वीकारलात की प्रकरण मिटलं असं ते बँकेला दाखवतात.

आणि पापण्या अचानक विरळ झाल्या असतील तर सीरम शोधायच्या आधी डॉक्टर गाठा. थायरॉइड असू शकतो, पापणीच्या कडेची सूज असू शकते, चाई (चकत्यांनी केस गळणं) असू शकते. त्यावर बाटली चोळत बसलात तर मूळ दुखणं आत राहतं.

ज्यांच्याकडे अशी बाटली आधीच आहे त्यांनी वापर थांबवा, पण बाटली फेकू नका. खोका, बॅच नंबर, आतली घडी जपून ठेवा. डोळे तपासायला गेलात तर दाब मोजण्याआधीच सांगा की हे लावत होते, कारण हे रसायन दाबाचा आकडा खाली आणू शकतं आणि डॉक्टरांना वाटेल सगळं ठीक आहे.